‘झालं’ म्हटल्यानंतर

घड्याळवाला फोटो न्यायला तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा ओशाळायलाही माझ्या अंगात त्राण नव्हतं.

“फोटो?” त्याने विचारलं.

“बिघडला...”

“पुन्हा?”

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी स्टुडिओला कायमचं कुलूप लागणार होतं. आजोबांनी तो उघडला, बाबांनी जगवला आणि मी... मी नुसता ओढत आणला.

आमच्या घरची एक युक्ती आहे. स्टँडवर आजोबांचा रिकामा कॅमेरा असतो. त्याचा खटका दाबायचा, ‘झालं’ म्हणायचं. समोरचा माणूस हुश्श करतो, खांदे सैल सोडतो — तेवढ्यात हातातल्या कॅमेऱ्याने खरा फोटो काढायचा. तीन पिढ्या ही युक्ती चुकली नाही. चुकले ती मी. ‘झालं’ म्हटल्यावर हा माणूस असा काही हसायचा, की मी कॅमेरा विसरून बघतच राहायचे.

“दमलीय ती,” आतून बाबा म्हणाले. “पण दमलेलं माणूस एकदा विसरतं. तीनदा नाही.” आणि चपला घालून चक्क बाहेर निघून गेले.

माझे कान तापले.

“मला ठाऊक आहे,” तो हळूच म्हणाला. “इतरांच्या वेळी खटका दोनदा वाजतो, माझ्या वेळी एकदाच. घड्याळं दुरुस्त करतो — कान तिखट आहेत माझे.”

“मग बोलला का नाहीत?”

“फोटो मिळाला असता, तर परत कशाला आलो असतो?”

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. त्याने माझ्या हातातला कॅमेरा घेतला. “बसा स्टुलावर. आज मी काढतो.”

शाळेच्या ओळखपत्रानंतर मी त्या स्टुलावर बसलेच नव्हते. ताठ बसले. रिकामा खटका वाजला.

“झालं.”

वर्षभराचा शीण एकदम खांद्यांवरून उतरला. डोळे भरून आले. हा माणूस मला आवडत होता, आणि उद्यापासून त्याला यायला हे दार नव्हतं. मी थांबून राहिले... दुसरा खटका काही वाजेना.

“काढा की.”

कॅमेरा त्याच्या हातात तसाच होता. “विसरलो,” तो म्हणाला. “उद्या यावं लागेल तुम्हाला.”

“उद्या स्टुडिओ कुठंय?”

“माझ्या दुकानात या. खिडकीपाशी उजेड बरा असतो.”

“आणि तिथेही विसरलात तर?”

“मग परवा.”

मी दिवे मालवले, कुलूप लावलं. कॅमेरा त्याच्याकडेच राहू दिला.