खोट्या आवईचा आरोपी

करंट काही एवढ्यात येत नाही. बसा इथंच गच्चीवर. रंजनी, तो टॉर्च बंद कर, सेल उगाच जळतात. आणि तरुण, तू भुताची गोष्ट मागितलीस ना? भूत मी पाहिलेलं नाही. पण भुतापायी कोर्टात दंड भरलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याला जामीन मीच राहिलो होतो. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

जनकोजी त्याचं नाव. आपल्या तंजावरकडचाच. चेन्नईत टी. नगरात माइक-सेट भाड्यानं द्यायचा. लग्न, मुंज, देवळाचा उत्सव, काय असेल ते. धंदा भोंग्यांचा, पण याचा आवाज इतका बारीक की हॉटेलात कॉफी मागितली तर वेटर वाकून पुन्हा विचारायचा.

२००७ साल. मार्च महिना, मासी मगमची रात्र. त्या दिवशी देवांना समुद्रस्नानाला नेतात, ठाऊक आहे ना? चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळ्यांनी जनकोजीचा सेट ठरवला होता. दिवसभर गाणी वाजली. देव परत गेले, गर्दी पांगली, गाव झोपलं. जनकोजीनं जनरेटर बंद केला, वायरी गुंडाळल्या, अँप्लिफायर पेटीत घालून पेटी टेम्पोत चढवली. आता काढायचे राहिले होते फक्त बांबूंवरचे भोंगे. टेम्पोवाला म्हणाला, "अण्णा, रस्त्यावर जाऊन परोटा खाऊन येतो, मग उतरवू." आणि टेम्पो घेऊन गेला.

जनकोजी वाळूवर बसला. पुनवेचं चांदणं. समुद्र अगदी गप्प. होड्या वर ओढून ठेवलेल्या.

तेवढ्यात एक भोंगा खरखरला.

माइक चालू करताना होतं ना, तसंच. जनकोजीनं वर बघितलं. भोंग्याला वायर नव्हती. त्यानंच सोडवली होती मघाशी.

पुन्हा खरखर.

मग श्वास. धाप लागलेल्या माणसाचा...

आणि बाईचा आवाज.

"तण्णी वरुदु! ओडुंगो! ओडुंगो!"

पाणी येतंय. पळा.

जनकोजी उठला. समुद्राकडे बघितलं. समुद्र होता तिथंच होता. आवाज मात्र थांबेना. पहिला भोंगा गप्प झाला, दुसरा बोलू लागला. मग त्याच्या पलीकडचा. कुणीतरी पळत जावं, दारोदार ओरडत जावं, तसा. लांब गेला. फिरून जवळ आला. थेट त्याच्या डोक्यावर आला.

"ओडुं..."

तुटला. तोंडात पाणी जावं तसा.

मग... काही नाही.

पण गाव उठलं होतं. अरे, सुनामीला अडीच वर्षंसुद्धा झाली नव्हती! ती माणसं झोपेतही एक कान समुद्राकडे ठेवून असायची. दारं धडाधड उघडली, पोरं काखेत, म्हातारे पाठीवर, सगळं गाव मोठ्या रस्त्याकडे धावलं. त्या चेंगराचेंगरीत एक म्हातारी पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. एका पोराचा हात पायांखाली आला.

पाणी आलं नाही. अंगठा भिजेल इतकंही नाही.

लोक परत फिरले तेव्हा किनाऱ्यावर एकटा जनकोजी उभा होता. भोंग्यांखाली.

पोलिसांना आणखी काय पाहिजे? भोंगे याचे. आवाज भोंग्यांतून आलेला. "वायर नव्हती साहेब," हा सांगायचा. "कोण साक्षीला?" कोणीच नाही. टेम्पोवाला परोटा खात होता. "बाईचा आवाज होता साहेब." "कुठाय बाई?" शेवटी इन्स्पेक्टर चिडला. म्हणाला, तूच बाईचा आवाज काढलास, काढून दाखव. आणि या बिचाऱ्यानं त्या ठाण्यात उभं राहून ओरडून दाखवलं रे! गळा चिरका झाला, आवाज काही निघाला नाही. हवालदार हसले. इन्स्पेक्टर म्हणाला, "नाटक करतोय."

वकील आपला अनंतकृष्ण. त्यानं समजावलं, सुनामीनंतर नवा कायदा आलाय. संकटाची खोटी आवई उठवून लोकांत घबराट केली तर वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड. "पण ते खोटं आहे हे तुला माहीत होतं, असं त्यांना सिद्ध करावं लागेल."

जनकोजी म्हणाला, "मी ओरडलोच नाही. खरं की खोटं, मला कसं माहीत असेल?"

"कोर्टात असं बोलू नकोस," अनंतकृष्ण म्हणाला. "मग ओरडलं कोण, ते विचारतील."

आणि कोण ओरडलं हे गावाला माहीत होतं! अख्ख्या गावाला! मी आणि जनकोजी जामिनानंतर कोवलमला गेलो, त्या म्हातारीला भेटायला. खाटेवर पडली होती. जनकोजीनं पायाला हात लावला तर म्हणाली, "तुझा काय दोष? वडिवु होती ती."

वडिवु मासळी विकायची. दणदणीत गळा. लिलावात ती बोलली की बाकीचे गप्प बसायचे. सुनामीच्या सकाळी समुद्र मागे हटलेला पहिल्यांदा तिनं बघितला. ओरडत सुटली, दारोदार. पण ती नेहमीच ओरडायची ना! लोक हसले. पोरं तर मागे गेलेल्या पाण्यात मासे वेचायला धावली. त्यांना आणायला ती खाली गेली...

पोरं आली. ती नाही आली.

मी म्हटलं, झालं, सुटला आपला माणूस. हे कोर्टात सांगा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तारखा सुरू झाल्या. आज साहेब नाहीत, उद्या संप, परवा साक्षीदार आला नाही. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून जायचो आणि नुसता बाकावर बसून परत यायचो. इकडे जनकोजीचा धंदा बसला. बोलणी व्हायची, मग कुणीतरी सांगायचं, अहो हा तो सुनामीवाला, आणि सेट दुसऱ्याचा यायचा.

शेवटी एकदाची साक्ष झाली. साक्षीदार काशी, वडिवुचा नवरा. अनंतकृष्णानं विचारलं, "आवाज बाईचा होता की पुरुषाचा?"

"बाईचा."

"ओळखीचा होता?"

पंखा फिरत होता वर. जनकोजी कठड्याला धरून पुढं वाकला होता. मी मनात म्हणत होतो, बोल... एक शब्द बोल...

"ओळखला नाही, सार."

बाहेर आल्यावर मी त्याच्या अंगावर धावून गेलो. खरं सांगतो, हात उगारला होता मी. तो हलला नाही. जनकोजीचे दोन्ही हात धरून म्हणाला, "अण्णा, तिचं नाव घेतलं तर हे लिहून घेतील. खोटं बोलून गाव पळवणारी म्हणून. ती खरं ओरडली तेव्हा आम्ही हसलो. आता तिला खोटी ठरवू?" मग थांबला. "तिच्यापुरतं ते पाणी अजून येतंच आहे, अण्णा."



पुढच्या तारखेला जनकोजी उभा राहिला आणि त्या बारीक आवाजात म्हणाला, "मीच ओरडलो." मॅजिस्ट्रेटना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. अनंतकृष्णानं कपाळाला हात लावला. कैद टळली, दंड झाला. दंड भरून, शिक्का मारून बाहेर आलो. मी रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. न केलेला गुन्हा गळ्यात घालून घेतलास म्हणालो. तो फक्त म्हणाला, "भीमसेनदादा, कुणीतरी केलाय म्हटल्याशिवाय ते मिटवणार नव्हते."

रंजनी, जवळ सरक. वारा सुटलाय.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्याचा फोन. रात्रीचा. "दादा, जरा येऊन जाल का?" मी गेलो. साड्यांच्या दुकानांमागे, गल्लीत त्याचं घर. दार उघडून बाजूला झाला. भिंतीकडे बोट केलं.

एक रेघ होती.

चारही भिंतींवर. दारावर, कपाटावर, देवांच्या तसबिरींच्या काचेवरसुद्धा. पाणी साचून ओसरलं की उरते ना, तशी. दोरी धरून मारावी तशी सरळ. माझ्या गळ्याइतक्या उंचीवर.

"कोर्टात 'मीच ओरडलो' म्हटलं ना, त्या रात्रीपासून. चुना मारला," तो म्हणाला. "पुन्हा वर येते."

मी बोट फिरवलं. भिंत कोरडी होती. बोट जिभेला लावलं...

खारट.

हे घर दुसऱ्या मजल्यावर होतं.