एका मीटरची दोन घरं

केसांत शाम्पूचा फेस, डोळे घट्ट मिटलेले... आणि वरून एकाएकी बर्फासारखं पाणी!

क्लीओना अशी किंचाळली की रस्त्याच्या वळणावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पहाटेपासून कॉर्क शहरातल्या इंग्लिश मार्केटमध्ये मासळीच्या ठेल्यावर उभं राहून तिने हेक मासे साफ केले होते, बांगडे विकले होते, बर्फात हात घालून घालून बोटं सुन्न करून घेतली होती. दिवसभर तिला एकच गोष्ट हवी होती— गरम पाणी. आणि तेच दगा देऊन गेलं!

तिने गाऊन चढवला, फेसासकट केसांना टॉवेल गुंडाळला आणि तरातरा जिना चढून वरच्या मजल्याचं दार ठोठावलं. आठवड्यापूर्वी तिथे नवा भाडेकरू आला होता. पावलं ऐकू यायची, चेहरा अजून दिसला नव्हता.

दार उघडलं. चेहरा दिसला... अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावर दाढीचा फेस होता.

"तुम्ही गॅस संपवलात!" क्लीओना म्हणाली.

"मी?" तो हातातल्या वस्तऱ्यासकट थबकला. "मला वाटलं तुम्ही संपवलात. भांडायला खाली येणारच होतो. पण अर्धी दाढी घेऊन भांडलं तर कोण ऐकून घेईल, या विचारात होतो."

"मग मी काय नटूनथटून आलेय?"

त्याने टॉवेलपासून तिच्या अनवाणी पावलांपर्यंत एकदा पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "नाही... पण टॉवेल चांगला दिसतोय."

जिन्याखालच्या कपाटात दोघं वाकून मीटरकडे बघत राहिले. घर जुनं, मागाहून दोन मजल्यांत वाटलेलं. बॉयलर दोन, पण गॅसचा मीटर एकच, आणि तोही कार्डाचा. दुकानातून कार्ड भरून आणायचं, मीटरमध्ये घालायचं, तेवढाच गॅस. वरचे आधीचे भाडेकरू म्हणजे एक निवृत्त मास्तर. ते न चुकता कार्ड भरायचे, क्लीओना आपला वाटा त्यांच्या दाराखालून सरकवायची. मास्तर गेले आणि ही व्यवस्थाही गेली.

"मला वाटलं गॅस भाड्यात धरलाय," तो म्हणाला.

"इथे भाड्यात फक्त छप्पर मिळतं. तेही गळकं."

दुकान चढावाच्या पायथ्याशी. बाहेर पाऊस. 'मी जातो' असं तो म्हणाला, पण अनोळखी माणसाच्या हाती कार्ड द्यायला ती तयार नव्हती. आणि 'मी जाते' म्हणाली तर त्याला ते पटेना. शेवटी त्याने खुंटीवरचा आपला पिवळा मेणकापडी कोट तिच्या खांद्यावर टाकला. तो तिच्या पार घोट्यापर्यंत आला.

"लोरकन," उतारावर तो म्हणाला. "टगवर असतो, कोव्हला. मोठी जहाजं ओढून बंदरात आणायची."

"म्हणजे ओढाताणीचा पगार मिळतो तुम्हाला!"

"आणि तुम्हाला?"

"मासे विकते. वासावरून कळलं नाही?"

"मला वाटलं माझाच येतोय."

ती हसली... तेव्हा कोटाच्या टोपीतून पाण्याची धार थेट तिच्या नाकावर आली, आणि तो तिच्याहून मोठ्याने हसला.

दुकानातल्या ट्वोमीबाईंनी एकीचा टॉवेल पाहिला, दुसऱ्याचा अर्धा फेस पाहिला. "नवा संसार वाटतं?" त्या म्हणाल्या. दोघंही एकदम "नाही, नाही!" म्हणाले. बाईंनी कार्ड भरलं, पण चेहऱ्यावरचं हसू काही पुसलं नाही.

परतीचा चढ चढताना क्लीओना गंभीर झाली. तिची आई, ब्रीडी, इस्पितळात होती. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि थोड्याच आठवड्यांत ती इथेच, क्लीओनाकडे राहायला येणार होती. थंडी तोंडावर आलेली. "मध्येच असा गॅस संपला तर मी काय करू? तिला उठून कोटसुद्धा घालता येणार नाही. हे कार्डाचं लचांड नकोच. एखादी धड कंपनी शोधू, मीटर बदलून घेऊ, बिल येईल ते अर्धं अर्धं. पण मीटर एकच आहे... तुमचं 'हो' लागेल."

"हो," लोरकन लगेच म्हणाला. "रोज अर्धी दाढी करून गेलो तर कॅप्टन मला पाण्यात ढकलेल."

कंपनी शोधणं हे एका संध्याकाळचं काम. निदान क्लीओनाला तसं वाटलं होतं. पण लोरकन पाळी संपवून यायचा, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, आणि ते काम काही केल्या संपायचं नाही. एक कंपनी पहिल्या वर्षी भरघोस सूट द्यायची आणि दुसऱ्या वर्षी सगळी वसूल करायची. दुसरीचा दर कमी, पण गॅस वापरा न वापरा, ठरलेला आकार मोठा. तिसरीच्या जाहिरातीत एक जोडपं मोजे घालून सोफ्यावर बसलेलं.

"ही नको," क्लीओना म्हणाली. "यांना गॅस लागतच नाही. एकमेकांना चिकटूनच बसलेत."

"वाईट उपाय नाही," लोरकन टेबलाकडे बघत म्हणाला.

तिने त्याच्यापुढे चहाचा कप जरा जोरातच ठेवला. गाल का तापले ते तिला कळलं... आणि त्यालाही. त्याच आठवड्यात कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी केलं, यावर ते पुढे बरेच दिवस भांडले.

शेवटी एक कंपनी ठरली. लहानशी, याच शहरातली. सूट बेताची, पण वर्षभर दर न बदलणारी. क्लीओनाने फोन लावला आणि आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पलीकडे वाट पाहायची धून सुरू झाली. संपेना. जोडीनं नाचायचा एक वॉल्ट्झ, पुन्हा तोच वॉल्ट्झ, पुन्हा तोच.

लोरकन उठला. हात पुढे केला.

"वेडा आहेस का? मध्येच उचलतील."

"हे? हे उचलेपर्यंत आपण म्हातारे होऊ."

मग खुर्च्या बाजूला सरल्या. त्याला नाचता येत नव्हतं. डेकवर उभं राहावं तसा तो पाय फाकून डुलायचा. क्लीओनाचं कपाळ त्याच्या स्वेटरच्या पहिल्या गुंडीपाशी येत होतं. खिडकीवर पाऊस टिपटिपत होता. त्याने मान जराशी खाली केली, तिने जराशी वर...

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" फोनमधली मुलगी म्हणाली.

दोघं चटका बसल्यासारखे दूर झाले. क्लीओनाने घसा साफ करून सगळं सांगितलं. मुलीने पत्ता विचारला, मीटरचा नंबर विचारला. "मीटर बदलायला आमचा माणूस येईल. दोन्ही घरं उघडी हवीत, नाहीतर पुढची तारीख फार लांबची मिळते. आणि करार वर्षाचा आहे हं. दोघांच्या नावावर करायचा ना? वर्षभर दोघंही याच पत्त्यावर?"

क्लीओनाने हसत लोरकनकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"माझं नाव... नको घालूस इतक्यात," तो हळूच म्हणाला.

फोन संपल्यावर त्याने सांगितलं. समुद्रापलीकडे, रॉटरडॅमच्या बंदरातल्या मोठ्या टगवर नोकरीसाठी त्याने अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं.

"कधी केलास अर्ज?"

"वसंतात. इथे यायच्या आधी."

"आणि हे मला गॅसवाल्यांबरोबर कळतंय." ती कप विसळायला वळली. पाणी मस्त गरम होतं, तरी तिला काही जाणवलं नाही. "ठीक आहे. करार माझ्या नावावर आहे. तुम्ही तुमचं बघा."

ते 'तुम्ही' त्याच्या वर्मी लागलं. तो काहीतरी बोलणार होता, पण तिने पाठ फिरवलेली होती. तो जिना चढून गेला.

त्यानंतर जिन्यात गाठ पडली की ती मान हलवायची, बस. ठेल्यावर मात्र तिचे हात चुकू लागले. बांगडा मागितला की कॉड तोलायची. गिऱ्हाईकं हसायची. ती मनाशी म्हणायची, बरं झालं, वेळीच कळलं. आणि हे मनाशी जितक्या वेळा म्हणायची, तितका सुटकेचा श्वास आणखी दूर जायचा.

मीटरवाला गुरुवारी येणार होता, आई शुक्रवारी. क्लीओनाने गुरुवारची रजा काढली होती. पण त्याच सकाळी इस्पितळातून फोन आला— खाट हवी आहे, आईला आजच घेऊन जा, आणि आत्ताच.

"आज? अहो, आज कसं? आज घरात गॅसवाला येतोय! उद्या म्हणाला होतात ना तुम्ही!" ती फोनवर जवळजवळ रडत ओरडली. पलीकडची नर्स बिचारी भली होती, पण तिच्या हातात काहीच नव्हतं.

क्लीओनाने कंपनीला फोन लावला. तोच वॉल्ट्झ सुरू झाला. ऐकवेना, तिने कापला. जिन्याच्या पायरीशी ती क्षणभर थांबली. वर हाक मारावी? पण वर अगदी सामसूम होती. असेल समुद्रात. नाहीतर रॉटरडॅममध्ये. ती टॅक्सीत बसली.

इस्पितळात एक डॉक्टर सही करायला येईना, मग गोळ्या येईनात, मग चाकाची खुर्ची येईना. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: मीटरवाला दार वाजवतोय, कुणी उघडत नाही, तो निघून जातो. कार्डातला गॅस तर जवळपास संपलेलाच होता. नवीन मीटर येणार म्हणून तिने भरलाच नव्हता.

टॅक्सीत ब्रीडी शालीत गुरफटून बसली होती. "घर गार असेल तर आत्ताच सांग. मी परत जाते. तिथे नर्सा तरी गोड बोलतात."

"गार नाहीये, आई," क्लीओना म्हणाली. आईशी ती सहसा खोटं बोलत नसे.

तिने कुलूप उघडलं, दार ढकललं... आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

ऊब! तोंडावर, मानेवर, भिजलेल्या कोटाच्या बाहीतून आत शिरणारी ऊब. खिडक्यांवर वाफ धरली होती. हीटर हलकेच टकटक करत होता. आणि स्वयंपाकघराच्या दारात, बाह्या सरसावून, गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरून, डोळे झोपेने लाल झालेला लोरकन उभा होता.

"ही पिशवी अंथरुणात ठेवायची होती," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही लवकर आलात."

"हा कोण?" ब्रीडीने विचारलं.

"वरचा," क्लीओना कशीबशी म्हणाली.

"वरून आला की वरच्याने धाडला, कुणी का असेना. पिशवी इकडे दे, बाळा."

आईला खोलीत निजवून, पायाखाली उशी देऊन क्लीओना स्वयंपाकघरात आली. खुर्चीत बसल्यावर तिला कळलं की आपण सकाळपासून श्वास धड सोडलेलाच नाही. तो सोडला, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं.

"आत कसा आलास?"

"रात्रपाळीहून येऊन झोपलो होतो. तू नर्सवर ओरडलीस ते फरशीतून वर आलं. धावत खाली उतरेपर्यंत टॅक्सी गेलेली. मग ट्वोमीबाईंकडे गेलो. घरमालकाची जादा किल्ली त्यांच्याकडे असते ना. त्यांनी आधी तासभर माझी उलटतपासणी घेतली, मग किल्ली दिली. मीटरवाला दारातूनच वळत होता, त्याला हाताला धरून आणला."

"मी तर समजले, तू रॉटरडॅमला..."

"उत्तर आलं. 'या' म्हणाले." तो समोर बसला. "मी 'नाही' म्हटलं. परवा."

"माझ्यामुळे? लोरकन, मला तसलं ओझं नको हं. उद्या म्हणशील, हिच्यापायी—"

"ऐक तर. वसंतात अर्ज केला तेव्हा या शहरात मी आहे की नाही, याने कुणाला काही फरक पडत नव्हता. म्हटलं, मग तिकडेच जाऊ. आता..." तो अडखळला. "त्या मुलीने फोनवर विचारलं ना, वर्षभर इथेच का? माझ्या तोंडातून 'हो' निघत होतं. घाबरलो मी. तुला काही विचारलेलं नाही आणि गॅसच्या कंपनीला कसा 'हो' म्हणू?"

"मग मला विचारायचंस!"

"केव्हा? जिन्यात माझ्याकडे अशी बघायचीस, जसा काही मी शिळा बांगडा!"

क्लीओना रडता रडता हसली. पुढे वाकली, त्याची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला. "शिळ्या बांगड्याचे डोळे खोल गेलेले असतात."

"आणि माझे?"

ती बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"लाल आहेत," ती हळूच म्हणाली. "पण ताजे आहेत. घेईन मी."

"विचारतो मग," लोरकनचा आवाज पार खाली गेला होता. "मी इथे राहिलो तर चालेल? वर्षभर... किंवा कितीही?"

तिने त्याला जवळ ओढलं. या वेळी मध्ये कुठला फोन नव्हता, आणि त्याच्या ओठांना थंडी, झोप आणि चहा यांची एकत्र चव होती. तिच्या मनावरचं इतक्या दिवसांचं ओझं असं अलगद उतरलं, की आपण ते वागवत होतो याचंच तिला नवल वाटलं.

"क्लीओना!" आतून हाक आली. "तो मुलगा गेला का गं?"

"नाही, आई..."

"मग चहात त्याचंही पाणी टाक. आणि पुढचं काय ते दार लावून करा, ऑपरेशन माझ्या खुब्याचं झालंय, कानांचं नाही!"