कप्प्यातली टकटक

हे बघा, पटत नसेल तर वाचू नका. पण हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय, आणि मामा थापा मारणारा माणूस नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन. विमानं दुरुस्त करायची भलीमोठी शेड.

मामाकडे आग विझवायच्या बाटल्यांचं काम. विमानाच्या पोटात सामानाचा कप्पा असतो. तिथे आग लागली की बाटलीतला वायू सोडतात. आग गुदमरते.

आत माणूस असला तर तोही.

म्हणून रीत होती. चाचणीचं बटण दाबायच्या आधी बाहेरून तीनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर तो उलट ठोकणार. शांत असलं तरच बटण.

एरवी बटण दाबलं की नुसता दिवा लागतो. महिन्यापूर्वी वायर खराब निघाली... आणि बाटली सुटली.

आत मामाचा जोडीदार होता. अंगावर किलोभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला किलो म्हणायचे.

मामाने ठोकलंच नव्हतं. जेवायची घाई.

चौकशीत म्हणाला, "ठोकलं होतं. उत्तर आलं नाही."

झोपला असेल आत, असं ठरलं. दोष किलोवर.

किलोची बायको म्हणाली, "भाऊजी, ते कामावर डुलकीसुद्धा घेत नव्हते हो."

मामाने मान हलवली. रडू येईना. काहीच येईना.

तर त्या मंगळवारी मामाने ठोकलं.

टक. टक. टक.

आणि आतून...

टक. टक. टक.

दार उघडलं. कप्पा रिकामा.

पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर.

साहेब खेकसला, "अरे, आत उंदीरपण नाही! दीडशे प्रवासी खोळंबलेत. दाब की!"

"आतून ठोकतंय, साहेब."

"मला का नाही ऐकू येत मग?"

"त्या दिवशी मी ठोकलं नव्हतं," मामा म्हणाला. भाजीचा भाव सांगावा तसा.

साहेबाचा चेहरा उतरला. "लिहून देशील?"

दिलं. सहीसकट.

मामा परत विमानाखाली आला. हात उचलला...

त्याआधीच आतून टकटक झाली.

तीनदा. मग थांबली.

आता आतला विचारत होता, बाहेर कुणी आहे का.

मामाने उलट ठोकलं नाही. उचललेला हात तिथेच अडकला म्हणतो.

आत खट्कन बटण दाबल्याचा आवाज आला...

बस्स. तेवढंच.

तेव्हापासून मामाला ऊन लागत नाही, थंडी वाजत नाही. मामी सांगते, झोपला की श्वास ऐकू येत नाही.

ती उठून त्याच्या नाकापुढे हात धरते.

काय लागतं हाताला, ते विचारलं की विषय बदलते.