न विचारता बसवलेला स्टेम

बेगाइम हँडलवरून उडाली आणि थेट एका अनोळखी मुलाच्या बुटांपाशी जाऊन आदळली. किर्गिझस्तानातल्या काराकोल शहराच्या वर, फरच्या झाडांतून उतरणाऱ्या वाटेवरचं ते मेलं वळण तिला गेल्या वर्षापासून असंच पाडत होतं. कोपर सोलवटलं होतं, तोंडात माती गेली होती, आणि हा मुलगा... हा तिच्याकडे बघतही नव्हता. गुडघ्यांवर बसून तिची सायकल न्याहाळत होता.

"माणूस पडलंय इथे," ती कडाडली.

"दिसतंय ना. पण तू पडली नाहीस. तुला हिनं पाडलं."

खरं तर यावर आणखी चिडायला हवं होतं. ती चिडलीही. पण ते वाक्य आत कुठेतरी जाऊन बसलं, कारण आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं. सायकल क्लबचे मास्तर माक्सात अगाय सगळ्यांदेखत सांगायचे, पोरगी वळणावर घाबरते, ब्रेक दाबते, मुलींचं असंच असतं. रविवारी शर्यत होती. मुलींतली पहिली अल्माटीच्या मोठ्या शर्यतीला संघाबरोबर जाणार होती, आणि मुलींसाठी जागा एकच होती. या वर्षीही मुलींनी असंच केलं तर पुढच्या वर्षी ती एक जागा तरी कशाला ठेवायची, असंही अगाय बोलून बसले होते. तेव्हापासून बेगाइमच्या डोक्यात नुसती भट्टी पेटली होती.

मुलाचं नाव तिलेक. नुकताच बिश्केकहून आला होता आणि बाजारामागे मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. ब्रेकचा दांडा वाकला होता, तो सरळ करून देतो म्हणाला, आणि शहरात पोहोचेपर्यंत अखंड बडबडत राहिला. तिची सायकल कुणा उंचच उंच परदेशी पाहुण्याची होती. विमानात बसण्याआधी तो ती विकून गेला होता. हँडलला पुढच्या नळीशी जोडतो तो तुकडा, स्टेम, त्याच्या मापाचा होता, चांगला सहा बोटं लांब. त्यामुळे बेगाइम पुढच्या चाकावर ओणवी होते, उतारावर सगळा भार पुढे जातो, हँडल उशिरा वळतं, आणि मग ती हवेत. स्टेम आखूड असला तर हँडल जवळ येईल, भार मागे राहील, सायकल चटकन वळेल. हे सगळं तो हातवारे करत सांगत होता. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते. ते आपल्या लक्षात आलंच कसं, याचाही बेगाइमला राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सायकल न्यायला गेली. वेणी नीट घालून गेली, पण ते कुणी विचारलंच तर योगायोग. तिलेक दारातच उभा होता, बक्षीस मिळवल्यासारखा चेहरा करून. सायकलीकडे नजर गेली आणि ती थबकली. हँडल पार सीटजवळ आलं होतं. जुना स्टेम काढून त्यानं आपल्या सायकलीचा बसवला होता, जेमतेम दोन बोटांचा.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या भल्यासाठीच तर..."

झालं. त्या दोन शब्दांनी बेगाइमचं डोकं असं फिरलं की शेजारचा चांभारसुद्धा हातातलं काम टाकून बघायला लागला. तिच्या गुलझाद एजेला, सख्ख्या थोरल्या बहिणीला, एकोणिसाव्या वर्षी भर रस्त्यातून उचलून गाडीत घातलं होतं. डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल टाकून, चल, आता तू आमची, म्हणून सांगितलं होतं. तेव्हा सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद होतं, तुझ्या भल्यासाठीच. एजे दोन वर्षांनी अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. हे बेगाइमनं त्याला तिथेच, उभ्या उभ्या ऐकवलं.

"विचारायला तोंड नव्हतं तुला? काल तासभर तर चालू होतं."

सायकलचा स्टेम आणि माणसाचं आयुष्य यांत फरक आहे, असं म्हणायची तिलेकला सोय होती, पण तो म्हणाला नाही. तिनं जुना स्टेम परत बसवायला लावला. तो खाली मान घालून एकेक स्क्रू आवळत राहिला आणि त्याचे कान लाल झाले होते. पैसे फळीवर आपटून ती निघून आली.

एजे बाजारात आशल्यान-फू विकायची. गार, आंबट-तिखट रश्श्यातल्या शेवया. सोबत बटाट्याची तळलेली पुरी. तिनं बहिणीचं सगळं रामायण ऐकून घेतलं, वाडगा पुढे सरकवला, आणि म्हणाली की रागावलीस ते बरोबरच केलंस.

"पण आता तुला कुणी नीट विचारलं, आखूड हवा की लांब, तर काय सांगशील?"

नवा स्टेम बेगाइमनं वापरूनच पाहिला नव्हता. रागाच्या भरात आपली निवड आपणच घालवली, हे ध्यानात आलं आणि तिनं वाडगा परत सरकवला.

शुक्रवारी तिलेक एजेच्या टपरीवर येऊन उभा राहिला. फुलं नाहीत, लांबण नाही. एका फडक्यात निरनिराळ्या लांबीचे तीन स्टेम आणि स्क्रू आवळायची एक अ‍ॅलन की त्यानं टेबलावर ठेवली. "माझं चुकलं. तू लावून बघ. यातला कुठलाही... किंवा एकही नको."

"आणि तुझं मत?"

"विचारलंस तर सांगेन."

"नाही विचारत."

एजेनं हसू लपवायला परातीत डोकं घातलं.

दोघं वर गेली. झिमझिम होती, फरचा ओला वास सुटला होता. प्रत्येक स्टेम तिनं स्वतःच्या हातानं बसवला, ती वाट चढली आणि उतरली. दोन बोटांचा वळणावर भलताच चपळ निघाला, पण चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटायचं आणि उतारावर हँडल जराशा धक्क्यानं थरथरायचं. चार बोटांचा बरा, पण वळणावर काळजात धस्स व्हायचंच. तीन बोटांचा लावला, आणि सायकल तिच्याच अंगाचा भाग असल्यासारखी वळली. त्या मेल्या वळणातून ती न पडता बाहेर आली.

"हा," ती धापा टाकत म्हणाली.

तिलेकनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

"बोल ना. पोटात दुखेल."

"मी दोन बोटांचाच घेतला असता."

"म्हणून तर तुला नाही विचारलं."

तो हसला. तीही हसली, आणि मग बराच वेळ दोघं उगाचच खाली ढगाखालच्या सरोवराकडे बघत राहिली.

रविवारी त्या वळणावर बरीच गर्दी जमली होती; तिला पडताना बघायला, दुसरं काय. बेगाइम तिथे ब्रेक सोडून शिरली आणि सरळ बाहेर पडली. मुलींत ती पहिली आली, नि मुलांतल्या निम्म्यांपेक्षा तिची वेळ चांगली होती. माक्सात अगायनी पदक तिच्या गळ्यात घातलं आणि पाठ मात्र तिलेकची थोपटली. "शाब्बास. तुझ्या स्टेमनं काम केलं हो. आता या पोराला नाही म्हणू नकोस गं." सगळे खो खो हसले.

बेगाइमची कानशिलं तापली. पण ती बोलायच्या आधीच तिलेकचा आवाज चढला.

"अगाय, मी बसवला होता तो चुकीचा होता. त्यावर ही आज आपटली असती. हा तिनं निवडला, तिनं बसवला, आणि उतरलीही तीच. आणि दुसरं... मी तिला अजून काही विचारलेलं नाही. तुम्ही तर मध्ये पडूच नका."

कुणी हसलं नाही. अगाय कागद चाळत दुसरीकडे गेले.

अल्माटीला निघायच्या वेळी संघाची गाडी भोंगा वाजवत होती. तिलेकनं सायकल टपावर बांधली, गाठी तपासल्या, पुन्हा तपासल्या. "विचारायचं होतं... म्हणजे, विचारू का, हे आधी..."

"थांब," बेगाइम म्हणाली. "मी विचारते. मला तू आवडतोस. तुला मी?"

आठवडाभर बडबडणाऱ्या त्या मुलानं नुसती जोरजोरात मान डोलावली.

"असं नाही चालत," ती म्हणाली. "तोंडानं सांग."

"आवडतेस," तो पुटपुटला. भोंग्यात ते नीट ऐकू आलं नाही, असं म्हणून तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.