चोरदिंडीवरचे म्हातारे

पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा धारजाई गडाचे बुरूज धुक्यातून नुकतेच डोके काढीत होते, आणि पश्चिम कड्याच्या कपारीत अकरा म्हातारे शिपाई एकमेकांच्या उबेला पडले होते. याच गडासाठी कुणी हात दिला होता, कुणी डोळा. सिदोजी काकड्याने डावा पाय. पण मेहुण्याच्या वशिल्याने किल्लेदारी मिळालेल्या निळकंठरावांना, ज्यांनी लढाई दुरूनही पाहिली नव्हती, ही लंगडीथोटी माणसे डोळ्यांत खुपत. दसऱ्यालाच त्यांनी म्हाताऱ्यांना खोपट्यांतून हुसकून तिथे आपली शिकारी कुत्री बांधली होती.

शत्रूची फौज दीड कोसावर उतरली होती. सिदोजी कुबडी टेकीत झऱ्याकडे निघाला, तोच वरची चोरदिंडी करकरली आणि खुद्द किल्लेदार एकटेच बाहेर आले. दिंडीवर पहारा नव्हता. खाली झाडीत भाले चमकले, आणि काय ठरले आहे ते सिदोजीला उमगले.

राव चपापले. मग त्यांनी हलक्या आवाजात समजूत घातली, की गड आता टिकत नाही, सिदोजीने तोंड मिटून राहावे. नव्या धन्याकडून त्याला घर मिळवून देऊ.

"घर मागायला मी आपल्या दारी तीनदा आलो होतो, सरकार," सिदोजी शांतपणे म्हणाला. "तेव्हा आपण किल्लेदार होता. आता आपल्यापाशी देण्यासारखं आहे काय?"

त्याने शीळ घातली. म्हातारे खुरडत, एकमेकांना ओढत वर चढले. राव आडवे आले, तेव्हा सिदोजीने कुबडीच त्यांच्या छातीला लावून त्यांना बाजूला सारले. रावांचा हात कमरेच्या कट्यारीकडे गेलासुद्धा नाही. दिंडीला आतून अडसर पडला, वरून धोंडे सुटले, गडावर नौबत झडली. बंद दार पाहून शत्रूने दगा झाला असे धरले आणि दार बडवणाऱ्या रावांच्या मुसक्या बांधून त्यांना नेले. बाणांनी तिघे म्हातारे पडले, त्यांच्यातल्या कोंडाजीची मांडी फुटली. पण गड राहिला.

महिन्याने दरबारचा सरदार आला. पडलेल्यांची नावे त्याने विचारली नाहीत. खोपट्यांचे यथावकाश पाहू, असे सांगून त्याने भर सदरेवर सिदोजीच्या खांद्यावर भरजरी शेला घातला.

सिदोजीने मुजरा केला नाही. शेला दातांनी टरकावून तो कोंडाजीच्या चिघळून अजून वाहणाऱ्या जखमेभोवती गुंडाळू लागला.

"जरतार टोचेल थोडी," तो कोंडाजीला म्हणाला. सरदाराकडे त्याने पाहिलेदेखील नाही.

त्या दुपारी आठही म्हातारे किल्लेदाराच्या वाड्यात जाऊन झोपले. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.