पाट आत ठेवा

बैलगाडी तलावाच्या बांधावर थांबताच रुद्राणीने उडी मारली आणि आधी होडी तपासली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

होडीचं पोट तिने मुद्दाम गाडीच्या दोन चाकांमध्ये बसेल एवढंच रुंद ठेवलं होतं. यंदाच्या दुष्काळात त्यांच्या देवणीजवळच्या तळ्यात नुसता चिखल उरला होता. पाणी असेल तिथे होडीलाच न्यायचं, तर ती गाडीत मावायला नको? हे डोकं तेरा वर्षांच्या रुद्राणीचं. सुतारकामाच्या सरांनी तिला रंधा धरायला शिकवलं. बाकी अख्खी सुट्टी तिने आणि वर्गातल्या शरणप्पाने लाकूड घासण्यात घालवली.

लाकूड मात्र महादेवप्पा आज्जांचं. दुकानाच्या दारासाठी जपून ठेवलेलं सागवान! दुकानाला तेव्हापासून गोणपाट टांगलेलं होतं आणि त्यावरून गावभर थट्टा चालली होती. आज्जांनी बजावलं होतं, "शर्यत पुरी केलीस तर होडी तुझी. न्हाई तर फोडून दार करतो." आज्जा शब्दाचे पक्के, हीच तर रुद्राणीची भीती होती.

लातूर नवा जिल्हा झाला म्हणून ही शिडाच्या होड्यांची शर्यत ठेवली होती. ती उद्या सकाळी होती, म्हणून दोघांनी लगेच शीड चढवून होडी पाण्यात घातली. पण पुढे जायचं सोडून होडी आडवीच सरकत काठाला लागली. काठावरची पोरं पोट धरून हसली.

"रुद्रे, पाट कुठंय?" शरणप्पा ओरडला.

होडीच्या मधोमध एक उभी खाच होती. पाणी आत येऊ नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना उंच फळ्या मारल्या होत्या. त्या खाचेतून एक लांबट फळी पाण्यात सोडायची, म्हणजे होडी आडवी घसरत नाही. पाणी उथळ लागलं की ती वर ओढून घ्यायची. रुद्राणीने त्या फळीचं नाव ठेवलं होतं पाट. आणि तो पाटच गायब होता!

रुद्राणीच्या धाकट्या बहिणीचा, गौरीचा, संशय थेट शर्यतीसाठी नांदेडहून आलेल्या मुलांवर गेला. शरणप्पा त्यांच्या तंबूची टेहळणी करायला गेला आणि खिसे भरून शेंगा घेऊन परतला. चोर काही असे शेंगा वाटत नाहीत, असं त्याचं मत पडलं.

रुद्राणी मात्र सकाळचं एकेक आठवत होती. पाट शेवटी दिला होता तो गाडी हाकणाऱ्या अमृतकाकांच्या हातात. काका आता बैलांना पाणी पाजत होते.

"काका, पाट कुठं ठेवलात?"

"तूच म्हणालीस की, पाट आत ठेवा. ठेवला आत."

"होडीत तर न्हाई!"

"होडीत कशाला? देवघरात ठेवला. आज स्वामी यायलेत न्हवं का घरी? त्यांना बसायला पाट नको?"

रुद्राणीने कपाळावर हात मारून घेतला. तिने आणि शरणप्पाने एक सायकल मिळवली आणि आळीपाळीने दामटत उन्हातान्हाचं घर गाठलं. पाहतात तो काय, पूजा आटोपलेली आणि स्वामी ऐसपैस पाटावर बसलेले. दानम्मा आज्जी हात जोडून समोर. स्वामींना उठा कसं म्हणायचं? पण होडीचं दार झालेलं डोळ्यांपुढे आलं आणि तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं.

स्वामींनी पाटाची कड चाचपली. "तरीच! ह्या कडा अशा निमुळत्या का, हेच मघापासून बघून राहिलो," असं म्हणत ते हसत उठले आणि घोंगडीवर जाऊन बसले. पाट तिच्या हाती देण्याआधी त्यांनी त्यालाही विभूती लावली.

सकाळी वारा छान होता. पलीकडच्या झेंड्यापर्यंत वाऱ्याविरुद्ध जायचं होतं, आणि त्यात नांदेडची होडी सरस निघाली. तिच्या पोटाला लोखंडी पातं कायमचं जोडलेलं होतं. पण परतताना सरळ वाटेत मधे आटलेल्या तलावाचा गाळ लागला. नांदेडची होडी लांबच्या वळशाने वळली. रुद्राणीने शरणप्पाकडे पाहिलं, दोघांनी मिळून पाट वर ओढला आणि वारा पाठीशी घेऊन गाळावरच्या वीतभर पाण्यातून होडी सरळ काठाकडे सोडली.

पहिला नंबर देवणीचा! नांदेडची मुलंच सगळ्यांत आधी धावत आली आणि पाट कसा वरखाली होतो ते पुन्हापुन्हा करून बघू लागली. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी रुद्राणीची पाठ थोपटली, काका तर जणू होडी आपणच बांधली अशा थाटात मान डोलावत होते. रुद्राणीला इतकं बरं वाटत होतं की हसू आवरेना. आज्जा मात्र होडीवरून हात फिरवत होते.

"आज्जा, मग दुकानाच्या दाराचं काय?" तिने भीतभीत विचारलं.

"दाराला गोणपाट हाय की," आज्जा म्हणाले. "एक पाट दारात अन् एक पाण्यात. लई झालं आपल्याला."