दाराच्या मागची बाजू

छायाचित्र : दरवाजा, समोरून.

अकोल्यात टेलिव्हिजन कोणीच पाहिला नव्हता. तरी एकोणसत्तरच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, इंग्रजीचे मास्तर कमलाकांत त्यावरचंच पुस्तक घेऊन बसले. अमेरिकेतल्या भाच्यानं धाडलेलं. अंतराळयानाची एक मालिका कशी तयार केली, त्याबद्दलचं. चित्रात चकचकीत दरवाजा. आपोआप सरकणारा.

"डब्यातला सिनेमा, अन् तोही तुमी पाह्यला नाही," ओसरीवर टोपली उतरवत भाजीवाली माणिकबाई म्हणाली. "मंग वाचता कायले जी?"

"वेळ जातो."

"बाई होत्या तवा जात नोता?"

मास्तरांनी पान उलटलं.

छायाचित्र : तोच दरवाजा, मागून.

प्लायवूड, खिळे, टेकू. दोरी ओढणारा माणूस. आणि अंधारात स्टुलावर बसलेली नटी, हातात चहाचा कप. खाली छापलं होतं : बाहेर गेलेलं पात्र कुठंही जात नाही, नावानं हाक येईपर्यंत इथंच थांबतं.

मास्तरांची बायको अनसूया दिवाळीनंतर आजारपणात गेली. तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार मास्तरांनी ओढून घेतलं होतं. खाणावळीचा डबा ते बाहेरच्या खोलीतच खात, भिंतीकडे तोंड करून. आता वाचता वाचता नजर त्या दाराकडे जाऊ लागली. दुपारच्या चहाच्या वेळी पलीकडं काहीतरी सरकायचं. मग बशीवर कप टेकल्यासारखा आवाज.

"आत कोन आहे जी?" एके दिवशी माणिकबाईनंच विचारलं. काकड्या काढणारा तिचा हात थांबला होता.

"कोणी नाही."

ती टोपली उचलून भराभरा निघून गेली.

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

छायाचित्र : उपलब्ध नाही.

मास्तर दारासमोर उभे राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं; दाराची कडी मात्र गार लागली. त्यांना अनसूया परत हवी होती, बाकी काही नको होतं. पण बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा ते पुटपुटले होते. आताही जीभ वळेना.

"अगं, ऐकलंस का?"

कप खाली ठेवल्याचा आवाज.

"आले."

आवाज तिचा नव्हता.

"नाही... मी हिला हाक मारली."

"नाव कुठं घेतलंत?" दारामागून उत्तर आलं. "ती उठतच होती. मी जवळ होते."

दार उघडू लागलं.

"अनसूया!"

खूप लांब, आत, कोणीतरी लाजून हसलं.

मग बाहेर आलेल्या बाईनं मागच्या मागं दार लावून घेतलं.